मुहूर्ताचं बीज

चौथ्या सोडतीतही चांगलाच माणूस निघाला, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट चालला होता. पडद्यावर नाव झळकलं होतं अश्विनी कोळेकरचं. नवरा अपघातात गेलेला, पदरात दोन लहान मुली, आणि हिची मूत्रपिंडं निकामी. ती पदर तोंडाशी धरून स्टेजवर आली तशा मागच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. आमचे मुख्य विश्वस्त बापूसाहेब माईक ओढून म्हणाले, "मशीन असलं म्हणून काय झालं? त्याच्या मागं वरचा बसलाय बघा." पुन्हा टाळ्या. मीही कॉम्प्युटरमागे बसून वाजवल्या, आणि मनात म्हटलं, वरचा बसला असेल तर मला पगार कशाचा देता?

मी चंदना मगदूम. मिरजेतल्या कृष्णाकाठ अवयव केंद्रात संख्याशास्त्रज्ञ आहे. संशय घेणं हा माझा स्वभाव, आणि सुदैवानं पोटही त्यावरच चालतं. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर टाकली तर मी आधी पिशवीतले टोमॅटो तपासते. त्यामुळे चार सोडती, आणि चारही वेळा ऐकणाऱ्याचा कंठ दाटून यावा असा माणूस निघतो, हे मला पचत नव्हतं. पहिला निघाला तो अख्ख्या घराला एकट्यानं पोसणारा रिक्षावाला. मग बारावीतली हुशार पोरगी. मग पाड्यावर शाळा चालवणारा तरुण मास्तर. आणि आता ही. गावात लोक हात जोडून सोडतीबद्दल बोलायला लागले होते.

दैवाला माणूस ओळखता येत नाही. तोच त्याचा एकमेव गुण आहे, आणि त्याच गुणापायी आम्ही त्याला कामावर ठेवलं होतं.

नेमकं काय करायचो ते सांगते. आमच्या केंद्रात पेशींपासून मूत्रपिंड वाढवतात. काचेच्या कुंडात एक बारीक जाळी असते, तिच्यावर पेशी पेरतात, आणि तीन महिन्यांनी एक मूत्रपिंड तयार होतं. ते कुणाच्याही शरीराला चालतं, हा या शोधातला खरा चमत्कार. पण तयार होतं एकच, आणि रांगेत माणसं चाळीसेक. कुणाला द्यायचं यावरून पहिल्या वर्षी मारामारीच व्हायची बाकी राहिली होती, म्हणून सोडत आली. सोडत सरसकट नव्हती. ज्याचा आजार जास्त वाढलेला, जो जास्त काळ थांबलेला, त्याला वाटा मोठा.

एक लांब पट्टी डोळ्यांसमोर आणा. तिचे चाळीस तुकडे पाडा, ज्याचा वाटा मोठा त्याचा तुकडा लांब. आता डोळे मिटून पट्टीवर बोट ठेवा. बोट ज्याच्या तुकड्यावर पडेल, मूत्रपिंड त्याचं. आमचं सॉफ्टवेअर हेच करायचं, फक्त बोटाऐवजी ते शून्य आणि एक यांच्यामधला एक आकडा काढायचं.

हा आकडा येतो कुठून? कॉम्प्युटरला लहर नसते. तो एक आकडा घेऊन सुरुवात करतो, त्याला बीज म्हणतात. त्या बीजावर तो गुणाकार-भागाकारांचा असा काही गोंधळ घालतो की बाहेर काय येणार याचा अंदाज कुणाला करता येऊ नये. पण बीज तेच दिलं, तर आकडाही तोच येतो. शंभरदा द्या, शंभरदा तोच. तुम्हाआम्हाला तो लहरी दिसतो, एवढंच.

आमचं बीज होतं बटण दाबल्याची वेळ. तारीख, तास आणि मिनिट. सेकंद घ्यायचे नाहीत, अशी समितीची अट होती. गावातल्या कुणालाही आपल्या मनगटावरच्या घड्याळात बघता यावं आणि घरच्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्रॅम चालवून निकाल ताडून पाहता यावा. प्रोग्रॅम सगळ्यांना खुला. वाट्यांची यादी आदल्या दिवशी सकाळी जाहीर. आमचा हा उघडा कारभार बघायला दुसऱ्या जिल्ह्यांतून माणसं यायची, आणि आम्ही त्यांना अभिमानानं चहा पाजायचो.

आणि बटण मुहूर्तावर दाबलं जायचं. आमच्याकडे पिठाच्या नव्या गिरणीचं बटणसुद्धा वेळ बघून दाबतात, मूत्रपिंडाचं कसं सोडतील? सोडत रविवारी, आणि रविवारी अमृत चौघडिया, म्हणजे पंचांगातली शुभ वेळ, साधारण साडेदहा ते बारा. त्यातलं एक मिनिट आदल्या संध्याकाळी ठरायचं. सभागृहातलं मोठं घड्याळ त्या मिनिटाला टेकलं की सगळे मिळून उलटे आकडे मोजायचे आणि बापूसाहेब बटण दाबायचे. लग्नात अक्षता पडतात तशी लोकांच्या हातात फुलंसुद्धा असायची.

अश्विनीच्या सोडतीनंतर मी अक्काकडे गेले. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण त्रिशला. सहकारी बँकेत कॅशियर होती. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसूनही नर्सच्या चुका काढणं सोडलं नाही. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय थकत चाललंय, फार तर अजून दोन सोडती.

"कोळेकरांची पोर निघाली म्हणे," अक्का म्हणाली.

"हो."

"बरं झालं. दोन लेकरं आहेत तिला." थोडा वेळ ती नळीतून वाहणाऱ्या रक्ताकडे बघत राहिली. "मला काय, साधं मांजर नाही."

"अक्का, मशीनला लेकरंबाळं कळत नाहीत."

"मग दर वेळी बरोबर लेकरंबाळंवाल्यांच्या दारात कसं जातं ते?" ती हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही. मला वाटणारा संशय तिच्या तोंडून आला होता, आणि तो तिच्या तोंडी फार वाईट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसचं दार लावून घेतलं. हिशेब सोपा होता. चाळीस जणांत 'बिचारा' म्हणावा असे दर वेळी चार-पाच असतात. म्हणजे तसा माणूस निघण्याची शक्यता दहात एक. ओळीनं चार वेळा निघण्याची, दहा हजारांत एक. दहा हजारांत एक गोष्टही घडते, रोज कुठे ना कुठे घडत असते. तेवढ्यावर कुणाला पकडता येत नाही. गडबड करून आलेला निकाल आणि आपोआप आलेला निकाल, दोघांचे चेहरे सारखेच असतात.

म्हणून मी उलटं केलं. कालचीच यादी घेतली आणि अमृताच्या प्रत्येक मिनिटाचं बीज देऊन प्रोग्रॅम चालवला. प्रत्येक मिनिटाला दुसरं नाव. कधी खोत, कधी जमादार, कधी अक्का. नव्वद मिनिटं आणि चाळीस माणसं, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाचं एखादं तरी मिनिट होतं. अश्विनीचं एकच होतं, अकरा एकवीस. मुहूर्त अकरा एकवीसचाच निघाला होता.

आधीच्या तिन्ही सोडती तपासल्या. नव्वद मिनिटांत नव्वद निकाल, आणि मुहूर्त नेमका सगळ्यांत दया यावी अशा माणसावर. मुहूर्त कोण काढून देतं हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. ते माझे सासरे होते.

आप्पांनी उभा जन्म कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. पंचांग हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. गल्लीतल्या लोकांना ते वास्तूचे, बारशाचे मुहूर्त काढून देत आणि आम्हाला डोळा मारत. केंद्राला मुहूर्त हवा झाला तेव्हा त्यांचं नाव मीच सुचवलं. प्रोग्रॅम लिहिला तेव्हा तो पहिल्यांदा चालवून पाहिला तोही त्यांनीच, आमच्या जेवणाच्या टेबलावर. माझा नवरा बंगळूरला असतो. घरात आम्ही दोघंच, आणि तोवर आमचं छान जमायचं.

आप्पा दिवस मावळायच्या आत जेवतात. त्या संध्याकाळी मी त्यांना भाकरी-आमटी वाढली आणि समोर बसले.

"आप्पा, अकरा एकवीसच का?"

"अमृत होतं."

"अमृत साडेदहापासून होतं. अकरा वीस का नाही?"

त्यांनी भाकरी मोडली, पण घास घेतला नाही. "अकरा वीसला जमादार निघत होते," ते शांतपणे म्हणाले. "वय बहात्तर. दोन मुलगे अमेरिकेत."

ते खोटं बोलतील अशी माझी तयारी होती. खरं ऐकायची नव्हती.

"पहिल्या वेळी मी नुसतं बघत होतो गं," आप्पा म्हणाले. "मुहूर्त काढला होता, तो सांगायच्या आधी सहज घालून पाहिला. एक दारुडा निघाला, दोनदा उपचार सोडून पळालेला. म्हटलं, एक मिनिट पुढे केलं तर? तर तो रिक्षावाला. आता सांग, मी काय करायला हवं होतं?"

"आधी काढलेला मुहूर्त द्यायचा."

"दारुडा निघणार हे माहीत असताना? कळल्यावर कुठलंही मिनिट दिलं तरी ती निवडच झाली, चंदना. मग चांगली निवड का करू नये?"

"कळून घ्यायचंच कशाला?"

त्यांनी मोडलेली भाकरी ताटात परत ठेवली. मला अजून एक विचारायचं होतं.

"आप्पा, चारही वेळा अक्का यादीत होती. तिचं मिनिट दिसलं असेल की तुम्हाला."

"दिसलं होतं."

"मग?"

"ती एकटी आहे, पोरी," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. "एकटी आहे म्हणजे तिच्या जगण्यावाचून कुणाचं अडत नाही, असंच ना? माझं अडतं, आप्पा. तुम्ही रोज तिची विचारपूस करत होता. तिच्यासाठी डबा पाठवत होता. आणि तुमच्या दयेत तिचा नंबर कधी लागणारच नव्हता."

आप्पांनी ताट पुढे सरकवलं. ऊन गच्चीवरून उतरलं होतं, आता उद्या सकाळपर्यंत ते काही खाणार नव्हते. मीही त्यांना जेवा म्हटलं नाही.

केंद्राचे संचालक डॉ. इनामदार यांना मी आप्पांबद्दल काही बोलले नाही. एवढंच सांगितलं, की बीज वेळेवरून घेणं धोक्याचं आहे. मुहूर्त आधी ठरतो, तेव्हा निकालही आधी कळू शकतो. त्याऐवजी एक चिप बसवू. तिच्यात विजेच्या कणांची जी बारीक खळबळ सतत चालू असते, तिच्यावरून बीज घेऊ. ती खळबळ देवालाही पंचांगात सापडायची नाही.

इनामदारांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, लोक खूश आहेत. निकाल चांगले येताहेत. आणि तुमची बहीण यादीत असताना तुम्ही प्रोग्रॅम बदलायला निघालात, हे कसं दिसेल?"

"वाईट दिसेल," मी म्हटलं. "म्हणून तुमच्या सहीनं बदलूया."

हो-नाही करत त्यांनी सही केली, पण चिप ऐन वेळी बंद पडली तर घड्याळाची जुनी पद्धत हाताशी असावी अशी अट घातली. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोटे चौकोन आले, एक चिपचा आणि एक घड्याळाचा. ज्यावर खूण, त्याचं बीज. त्या दिवसापासून इनामदार माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागले.

मुहूर्त काढू नका, असं मी आप्पांना सांगितलं नाही. आता कुणी कुठलाही मुहूर्त काढला तरी फरक पडणार नव्हता. बदल झालाय हेही सांगितलं नाही. खरं कारण असं, की या वेळी ते कुणाला निवडतात ते मला बघायचं होतं. तीन महिने आम्ही एका घरात राहिलो आणि मिठाच्या बरणीपलीकडे बोललो नाही. अक्काचे पाय सुजायला लागले होते. या सोडतीनंतर पुढची तिच्या हाती लागेल असं डॉक्टर आता म्हणत नव्हते.

शनिवारी यादी लागली. कळून घ्यायचंच कशाला, असं आप्पांना ठणकावणाऱ्या बाईनं त्या सकाळी काय केलं असेल? जुना प्रोग्रॅम चालवला. साडेदहा ते बारा, सगळी मिनिटं. अक्काचं एकच मिनिट होतं, दहा सत्तेचाळीस. मी प्रोग्रॅम बंद केला, चहा घेतला, आणि ते डोक्यातून जाईना.

रविवारी सभागृह भरलं. आप्पा तिसऱ्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. बापूसाहेबांनी माईक हातात घेतला.

"चला, आपापली घड्याळं बघून घ्या. मुहूर्त आज दहा सत्तेचाळीसचा."

मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांनी अगदी हलकी मान हलवली, लहान मुलानं चूक कबूल करताना हलवावी तशी. त्यांनी अक्काला निवडलं होतं. ते माझ्यासाठी होतं.

मग इनामदार उठले आणि त्यांनी नवी पद्धत जाहीर केली. बीज आजपासून घड्याळाचं नाही, चिपचं. आप्पांना त्यातला शब्द न् शब्द कळत होता. त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीतून अर्धवट उठले, त्यांनी हात वर केला, आणि शेजारच्या माणसानं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

घड्याळ दहा सत्तेचाळीसला टेकलं. लोक मोजायला लागले. "दहा… नऊ…"

माझा हात माऊसवर होता. घड्याळाचा चौकोन बोटभर अंतरावर. चिप चालली नाही, असं मी नंतर सांगू शकले असते. जुनी पद्धत नियमातच होती. अश्विनीला मिळालं, मास्तरला मिळालं, मग माझ्या अक्कानंच काय घोडं मारलं होतं? अक्का जगली असती. मला ती हवी होती. जगात इतकी दुसरी कुठलीच गोष्ट मला हवी नव्हती.

"सहा… पाच…"

समोरच्या रांगेत यादीतलेच काशिनाथ सुतार बसले होते. बायको नाही, मूल नाही, प्रत्येक सोडतीला इस्त्रीचा शर्ट घालून येणारे. त्यांचंही मिनिट दर वेळी होतं आणि ते कुणी दिलं नव्हतं. त्यांच्या हातात फुलं होती, आणि तेही सगळ्यांबरोबर मोजत होते. त्यांना तिथे कुणी तळमळून निवडणारं नव्हतं.

आप्पा म्हणाले होते ते खरं होतं. कळल्यावर सगळी निवडच असते. हात हलवणंही आणि न हलवणंही. मी हात हलवला नाही.

पडद्यावर नाव आलं. विलास खोत. खडी क्रशरचे मालक. त्यांच्या ट्रकांनी अर्ध्या गावाचा रस्ता उखडलाय आणि त्यांनी कधी कुणाचा फोन उचललेला नाही. सभागृहात एकच टाळी वाजली, ती खोतांच्या जावयाची. फुलं लोकांच्या हातातच राहिली.

"सेटिंग आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "प्रोग्रॅम बदलला ना मॅडमनी."

"किती घेतले असतील?"

बापूसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवाला देवळातून हाकलून दिलं होतं. पहिली सरळ सोडत झाली होती, आणि गावाला पहिल्यांदाच संशय आला होता. आप्पा टोपी तिथेच विसरून निघून गेले. ती मी उचलून पर्समध्ये ठेवली.

अक्काची डायलिसिसची पाळी दुपारची होती. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"कोण?" तिनं विचारलं.

"खोत."

"क्रशरवाला?" ती हसायला लागली, आणि इतकी हसली की मशीन टूँ टूँ करायला लागलं आणि नर्स धावत आली. "म्हणजे तुझ्या मशीनला खरंच काही कळत नाही."

"नाही कळत."

मी तिला सगळं सांगितलं. आप्पांचं, चार सोडतींचं, दोन चौकोनांचं. सांगायला नको होतं असं नंतर पुष्कळांनी मला ऐकवलं. पण तिच्याशी खोटं बोलून तिच्या खुर्चीशेजारी बसणं मला जमलं नसतं.

"दहा सत्तेचाळीसला माझं नाव होतं," अक्का म्हणाली.

"हो."

"तुला ते माहीत होतं."

"हो."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रक्त नळीतून जात होतं आणि परत येत होतं. मग ती म्हणाली, "आप्पांना सांग, मी काही मनात ठेवलं नाही. म्हातारा रडत बसेल उगीच."

"सांगते."

"आणि आज चिपनं काढलं त्यात माझंही नाव होतं? खरंच होतं?"

"होतं, अक्का. आज पहिल्यांदा खरंच होतं."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळीही असेल," मी म्हटलं. पुढच्या वेळेबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तिनं माझा उजवा हात हातात घेतला आणि पांघरुणाखाली ओढला. डायलिसिसवर तिचे हात नेहमी गार असतात, आज माझेही होते. तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि मला ते खरं वाटलं नसतं.